न्हाणीच्या चुलीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असे कमिटीने मला सांगितले. नोंदणी, परवानग्या, कन्व्हेयन्स हे सगळे दप्तरात आहे, ज्याला हवे त्याने सेक्रेटरींकडे मागून बघावे. मी लिहिणार आहे आंघोळीच्या गरम पाण्याबद्दल. हसू नका. पंचवीस वर्षांत आपल्या जनरल बॉडीत सर्वांत जास्त आवाज चढले ते याच विषयावर, आणि त्यात दोष बराचसा माझा होता.

मेढ्यावरच्या आमच्या जुन्या घरी न्हाणी मागच्या दारी होती. मातीच्या चुलीवर तांब्याचा हंडा कायमचा लिंपून बसवलेला. जळण विकत आणायचा प्रश्नच नव्हता. माडाची चुडते, सोडणे, करवंट्या, जे परसात पडेल ते चुलीत. ‘अरे, न्हाणयेत जाळ घाल’ ही आईची हाक आमचे घड्याळ होते. आंघोळीचे पाणी पाटाने थेट माडाच्या आळ्यात जाई. हिशेबाच्या नजरेने पाहिले तर व्यवस्था फुकटची. पण उघड्या चुलीतली बरीचशी ऊब हंड्याला न लागता धुराबरोबर निघून जायची, आणि तो धूर जायचा आईच्या डोळ्यांत. तो खर्च तेव्हा कोणी मांडला नाही.

नोकरीला लागल्यावर गिरगावात एका बिऱ्हाडात तांब्याचा बंब पाहिला. मधोमध नळी, तिच्यात निखारे आणि भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटातच, त्यामुळे मूठभर कोळशात काम व्हायचे. ‘बंब’ हा शब्द पंपाला असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानतात. म्हणूनच आगीचा बंब आणि आंघोळीचा बंब हे एकाच नावाचे भाऊ. असो.

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा सोळाही फ्लॅटमध्ये २५ लिटरचे गिझर लागले. प्रत्येकी दोन किलोवॅट. सकाळी सहा ते सात सगळे एकदम सुरू झाले की ३२ किलोवॅटचा भार, मग दिवे मिणमिणायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर नेले की एक युनिट संपले. बरे, आपल्या हवेत ६० अंशांचे पाणी अंगावर घेतो कोण? तापवायचे आणि पुन्हा त्यात थंड ओतायचे!

हे गणित २००८ च्या सभेत मीच फळ्यावर मांडले. त्या काळी केंद्र सरकारच्या योजनेतून सौर बंबासाठी घरगुती ग्राहकाला दोन टक्के व्याजाने कर्ज मिळत असे, हेही बँकेतला माणूस म्हणून मला ठाऊक. गच्चीवर काचेखालची काळी तबके आली, १६०० लिटरची टाकी आली. पहिली तीन वर्षे माझा भाव वधारला.

मग २०११ मध्ये खजिनदार या नात्याने मी वार्षिक देखभालीचा करार बंद केला. यंत्रात फिरणारा भागच नाही, पैसे कशाचे द्यायचे, असा माझा मुद्दा होता. ऑडिटरने काटकसरीचे कौतुक केले. लोखंडी टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. झिजली की नवी घालायची, एवढेच. करार गेला तशी कांडीही कोणी पाहिली नाही. आपल्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते आणि वारा बारा महिने खारा. टाकी आतून गेली, स्टँड बाहेरून.

खरा त्रास तळमजल्याला झाला. पाइप लांबचा, त्यामुळे दोन बादल्या थंड पाणी सोडल्यावर कुठे ऊन पाणी यायचे. तिथल्या आजी म्हणायच्या, ‘भाऊंनू, माका एक बादली पुरे. तुमच्या टाकयेचो खर्च माझ्या डोक्यार कित्याक?’ मी त्यांना मेंटेनन्सचा नियम ऐकवत असे. एका डिसेंबरात त्यांच्या मनगटावर भाजल्याचा डाग दिसला. गॅसवर पातेले तापवून त्या न्हाणीघरापर्यंत उचलून नेत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यानंतर त्यांना नियम ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. गंजलेले स्टँड वाकले, टाकी कलंडली, आणि दुरुस्ती की नवी हा वाद आपोआप मिटला. वीज येईपर्यंत कित्येक दिवस सगळेच थंड पाण्याने आंघोळ करत होतो. मेमध्ये त्याचे काही वाटले नाही, ही गोष्ट वेगळी.

नव्या योजनेवर तीन सभा झाल्या. आता निर्वात काचेच्या नळ्या आहेत, आतून काचेचा लेप दिलेली टाकी आहे आणि पावसाळ्यासाठी उष्मा पंप आहे. आपल्याकडे पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, चार महिने उन्हाचा भरवसा नाही. हा पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. त्याच्या किमतीवरून मते नऊ विरुद्ध सात पडली. विरोधातल्या सातांत मी होतो. पहिल्या पावसाळ्याचे बिल पाहून मी सभेत उभा राहून मत मागे घेतले, ते इतिवृत्तात आहे.

माझ्या आग्रहावरून एकच गोष्ट झाली. गरम पाण्याची लाइन तळमजल्यावरून परत टाकीकडे नेली आणि पहाटे साडेपाचला छोटा पंप ते पाणी फिरवतो. नळ उघडला की ऊन पाणी. आजींना ते एकच हिवाळा वापरायला मिळाले.

कांडी बदलल्याची तारीख टाकीच्या अंगावर ऑइलपेंटने लिहिली आहे. पुढची पाळी ऑक्टोबरात येते. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणाऱ्यांनी येता-जाता नजर टाकावी.