रात्रभर बर्फावर 'रोटाव्हेटर' फिरवणारा माणूस : स्नो ग्रूमर ऑपरेटरचं काम नेमकं काय असतं?

कोवळं ऊन, पांढराशुभ्र डोंगर आणि त्यावर वरपासून खालपर्यंत कंगवा फिरवल्यासारख्या सरळ रेघा. स्कीइंगचं एखादं रील बघताना असा उतार तुमच्याही नजरेस पडला असेल. त्या रेघांवरून पहिल्यांदा घसरत जायला मिळावं म्हणून लोक सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच रांग लावतात.

या रेघा आदल्या रात्री कुणीतरी ओढलेल्या असतात. सगळं रिसॉर्ट झोपलेलं असताना एक माणूस काही टन वजनाचं मशीन घेऊन अंधारात तो डोंगर चढत-उतरत असतो. या मशीनला म्हणतात स्नो ग्रूमर आणि ते चालवणारा तो ग्रूमर ऑपरेटर.

बर्फ तर पडतोच, मग त्यावर मशीन कशाला फिरवायचं?

ताजा पडलेला बर्फ भुसभुशीत असतो. सराव नसलेल्या माणसाचे पाय त्यात रुततात, स्की अडकतात आणि गुडघ्याला मार बसतो. त्यात दिवसभर हजारो लोक एकाच उतारावरून गेले की वळणांच्या जागी खड्डे आणि उंचवटे तयार होतात. दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ रात्री गोठला की तेच उंचवटे दगडासारखे कडक होतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. स्की करणारा प्रत्येक माणूस वळताना थोडा थोडा बर्फ खाली ढकलतो. संध्याकाळपर्यंत वरचा भाग उघडा पडायला लागतो आणि खाली ढीग साचतात. हा बर्फ कुणीतरी परत वर नेला नाही, तर काही दिवसांतच वरची माती आणि दगड दिसायला लागतील. त्यामुळे दिवसभरात खाली आलेला बर्फ रात्री पुन्हा वर चढवणं हा ग्रूमर ऑपरेटरच्या कामाचा मोठा भाग असतो.

मशीन कसं असतं?

जेसीबी, पोकलेन आणि ट्रॅक्टर एकत्र केल्यावर जे दिसेल, साधारण तसं. खाली पोकलेनसारखे पट्टे असतात, पण कितीतरी रुंद. पट्ट्यांवर बर्फात रुतून पकड घेणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. वजन इतक्या मोठ्या जागेवर विभागलं जातं की मोठं मशीन दहा टनांच्या घरात असूनही बर्फावर त्याचा दाब उभ्या माणसाच्या बुटापेक्षा कमी पडतो.

पुढे बुलडोझरसारखं पातं असतं. ते वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि तिरकंही वळतं. उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे आणि बर्फ ढकलायचा, ही कामं या पात्याची.

मागच्या बाजूला असतो टिलर. शेतात ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर ढेकळं फोडत जातो, तसाच हा दात असलेला फिरता दांडा गोठलेला बर्फ फोडून बारीक करतो. त्याच्या मागे कंगव्यासारखी लवचीक पट्टी असते. ती बर्फ दाबते आणि रेघा उमटवते. कॉर्डरॉयच्या पँटवर दिसतात तशा या रेघा असल्याने स्कीच्या जगात अशा उताराला 'कॉर्डरॉय' असंच म्हणतात.

हे मशीन आलं कुठून?

सुरुवातीच्या काळात माणसं पायांनी किंवा स्कीने बर्फ तुडवून उतार तयार करायची. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात विंटर पार्क या रिसॉर्टमध्ये स्टीव्ह ब्रॅडली यांनी एक जड रूळ तयार केला. माणूस स्कीवर उभा राहून तो रूळ उतारावरून खाली आणायचा. ब्रेक म्हणजे त्या माणसाचे पाय!

पुढे पट्ट्यांवर चालणारी वाहनं आली. जर्मनीच्या केसबोरर कंपनीने १९६९ मध्ये 'पिस्टनबुली' आणलं. इटलीच्या दक्षिण टायरॉल भागात प्रिनोथ ही कंपनी उभी राहिली. तिचे संस्थापक अर्न्स्ट प्रिनोथ हे रेसिंग ड्रायव्हर होते. आजही जगभरातल्या रिसॉर्टमध्ये प्रामुख्याने याच दोन कंपन्यांची मशीन दिसतात. एका मोठ्या मशीनची किंमत काही लाख डॉलर, म्हणजे आपल्याकडचे कोट्यवधी रुपये असते.

मग हे काम रात्रीच का करतात?

पहिलं कारण सरळ आहे. दिवसा उतारावर माणसं असतात.

दुसरं कारण बर्फाच्या स्वभावात आहे. फ्रीजरमध्ये बर्फाचे सुटे तुकडे एका डब्यात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. डोंगरावरही तेच घडतं. टिलरने बारीक केलेले बर्फाचे कण जवळ दाबले गेले की काही तासांत एकमेकांना जोडले जातात आणि थर घट्ट होतो. शास्त्रीय भाषेत याला सिंटरिंग म्हणतात.

यासाठी थंडी हवी आणि वेळही हवा. पहाटे घाईघाईत फिरवलेला उतार सकाळी दिसायला छान दिसतो, पण घट्ट झालेला नसल्याने थोड्याच वेळात उखडतो. उलट वसंत ऋतूत संध्याकाळचा बर्फ चिखलासारखा ओला असतो. तेव्हा तो गोठायला लागेपर्यंत थांबावं लागतं. रात्रभर बर्फ पडत असेल, तर आधी केलेलं काम झाकलं जातं आणि काही उतार पुन्हा करावे लागतात.

म्हणून अनेक ठिकाणी दोन पाळ्या असतात. एक संध्याकाळी उतार बंद झाल्यावर सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. दुसरी तिथून सकाळपर्यंत. कोणता उतार आधी घ्यायचा आणि कोणता शेवटी, हे तापमान, वारा आणि बर्फाचा अंदाज पाहून ठरवलं जातं.

केबिनमध्ये बसून काय करावं लागतं?

केबिन उबदार असते, सीट आरामशीर असते. पण दोन्ही हात सतत कामात असतात. एक हात दिशा सांभाळतो, तर दुसऱ्या हातातल्या जॉयस्टिकवर पातं आणि टिलर चालतं. पातं जरा जास्त खाली गेलं तर खालची माती वर येते आणि कमी गेलं तर उंचवटा तसाच राहतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, नाहीतर दोन पट्ट्यांच्या मध्ये बर्फाची कड राहते. सकाळी वेगात येणाऱ्या माणसाची स्की नेमकी त्याच कडेला अडकू शकते.

धुकं किंवा हिमवादळ असेल, तर दिव्यांच्या उजेडात सगळं एकसारखं पांढरं दिसतं. समोर चढ आहे की कडा, हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती डोंगराची ओळख. म्हणूनच नवा ऑपरेटर आधी जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसून शिकतो आणि सोप्या उतारांवर हात बसल्यावरच त्याला अवघड उतार मिळतात.

विंच : कामातला सगळ्यात धोक्याचा भाग

खूप तीव्र उतारावर मशीनचे पट्टेही पकड सोडतात. अशा ठिकाणी विंच असलेलं मशीन वापरतात. त्याच्यावर साधारण १००० मीटर लांबीची पोलादी दोरी गुंडाळलेली असते. दोरीचं टोक वर पक्क्या खुंट्याला अडकवायचं आणि त्या आधारावर मशीन खाली-वर न्यायचं. दोरीवर चार टनांच्या आसपास ओढ असते.

ही दोरी बोटाएवढी जाड आणि अंधारात जवळपास अदृश्य असते. मशीन वळलं की ती उताराच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झटक्यात सरकते. कधी बर्फावर पडलेली असते, तर कधी अचानक ताणून वर उचलली जाते. बंद झालेल्या उतारावर रात्री स्की करत आलेले लोक या दोरीला धडकून मेल्याच्या घटना आल्प्समध्ये घडल्या आहेत. मशीनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला वरून येणारा माणूस वेळेत दिसेलच असं नाही. 'उतार बंद' अशी पाटी संध्याकाळी लावली जाते, ती यासाठी.

मशीन स्वतःही कमी धोकादायक नसतं. मार्व्हलच्या सिनेमांमधला 'हॉकआय', म्हणजे अभिनेता जेरेमी रेनर, १ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत नेवाडातल्या घराजवळ स्वतःच्या पिस्टनबुलीखाली सापडला. ते मशीन साडेसहा टनांचं होतं. त्याची ३० पेक्षा जास्त हाडं मोडली. तो बाहेर उतरला तेव्हा पार्किंग ब्रेक लावलेला नव्हता, असं शेरीफ कार्यालयाच्या चौकशीत नोंदवलं गेलं. उतरण्याआधी पातं आणि टिलर जमिनीवर टेकवायचं आणि ब्रेक लावायचा, हा या कामातला पहिला धडा का असतो, ते यावरून कळतं.

शिक्षण आणि पगाराचं काय?

या कामासाठी पदवी लागत नाही. शेतीची किंवा बांधकामाची अवजड मशीन चालवलेल्यांना प्राधान्य मिळतं. आल्प्समधले अनेक ऑपरेटर उन्हाळ्यात शेती किंवा बांधकाम करतात आणि हिवाळ्यात डोंगरावर जातात. मशीन बनवणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षण देतात.

पैसे मात्र रात्र जागण्याच्या आणि जोखमीच्या मानाने फार नसतात. अमेरिकेतल्या व्हेल रिसॉर्ट्स या मोठ्या कंपनीने २०२२-२३च्या हंगामापासून उत्तर अमेरिकेतल्या आपल्या रिसॉर्टमध्ये किमान वेतन ताशी २० डॉलर केलं, त्यावरून या क्षेत्रातल्या पगाराचा अंदाज येतो. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, पण स्कीच्या गावांमध्ये घरभाडं प्रचंड असतं आणि काम हंगामी. उत्तर गोलार्धात नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ. काही जण त्यानंतर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा चिलीला जातात, कारण तिथला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो. असे लोक वर्षात दोन हिवाळे बघतात आणि उन्हाळा जवळपास विसरतात.

भारतात हे मशीन आहे का?

आहे, पण मोजकंच. काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडमधलं औली इथे ते दिसतं. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये त्याला अनेकदा 'स्नो बीटर' म्हणतात.

झोजिला खिंडीत बर्फ कापणाऱ्या मशीनचे व्हिडिओ व्हायरल होतात, ती मशीन वेगळी. ती असतात बीआरओची, म्हणजे सीमा रस्ते संघटनेची. पुण्यात दिघीला या संघटनेचं ग्रेफ सेंटर आहे. रस्त्यावरचा बर्फ उचलून बाजूला फेकणं हे बीआरओच्या मशीनचं काम. ग्रूमरचं काम बरोबर उलटं, बर्फ जागेवर टिकवून ठेवणं.

बर्फच कमी झाला तर?

ही भीती आता खरी ठरते आहे. २०२५ मध्ये गुलमर्गला फेब्रुवारीत होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नसल्याने मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. २०२२चं बीजिंग हिवाळी ऑलिम्पिक तर जवळपास पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झालं.

कृत्रिम बर्फ करायला पाणी, वीज आणि शून्याखालची थंडी लागते. स्नो गनमधून पडलेल्या बर्फाचे मोठे ढीग होतात आणि ते उतारावर पसरवायचं काम पुन्हा ग्रूमरचंच. आता अनेक मशीनमध्ये उपग्रहाच्या मदतीने पात्याखाली किती बर्फ आहे ते स्क्रीनवर दिसतं. उन्हाळ्यात डोंगराचा नकाशा मोजून ठेवलेला असतो, त्याच्याशी मशीनची उंची ताडून काही सेंटीमीटरच्या फरकाने खोली कळते. जिथे बर्फ पुरेसा आहे तिथे नवा करायची गरज उरत नाही, तेवढं पाणी आणि तेवढी वीज वाचते.

दरवर्षी जानेवारीत महाराष्ट्र सरकारचं शिष्टमंडळ गुंतवणुकीचे करार करायला ज्या दावोसला जातं, तिथे तर हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर साठवतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस स्कीच्या सपाट मार्गावर पसरतात.

त्यामुळे चांगल्या ऑपरेटरची ओळखही बदलते आहे. सकाळच्या रेघा किती सरळ आल्या, हे पर्यटक बघतात आणि दुपारपर्यंत त्या पुसूनही जातात. रिसॉर्ट मात्र हिशोब करतं तो हंगामाच्या शेवटी : एप्रिल उजाडला तेव्हा त्याच्या उतारावर किती बर्फ शिल्लक होता.