वाळूची बादली, डिस्चार्ज रॉड आणि भिंतीवरचा तक्ता

१९६२ साली चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या भुयारी वीजगृहातून कोयनेची वीज वाहू लागली. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी बोगद्याने पश्चिमेकडे आणायचे, डोंगराच्या आतूनच कोकणात उतरवायचे, जनित्रे फिरवून झाली की वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडून द्यायचे. त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालले. ती जिथे तयार होत होती त्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत मात्र पुढे अनेक वर्षे कंदीलच होते.

पोफळीचे काम चालू असतानाच, १९५६ साली, भारतीय विद्युत नियम आले. वीजगृहात आणि उपकेंद्रात संकटाच्या वेळी हाताशी काय हवे, ते या नियमांनी ठरवून दिले: स्वच्छ, कोरड्या वाळूने भरलेल्या बादल्या, विजेच्या आगीवर चालतील अशी अग्निशामके, प्रथमोपचार पेटी. उच्च दाबाच्या ज्या केंद्रात माणसांचा पहारा असतो, तिथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे उपकरणही चालू स्थितीत ठेवणे बंधनकारक होते. वाळू कोरडीच हवी, कारण ओलाव्यातून वीज वाहते. जिथे जूनपासून भिंतीसुद्धा घाम गाळतात, त्या कोकणात वाळू कोरडी ठेवणे हे रोजचे काम होऊन बसते. बादली लाल रंगवून टांगली की काम संपत नाही.

याच नियमांत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. शॉक बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणायचे, याच्या सूचना जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही ठळक जागी लावायच्या. म्हणजे रत्नागिरीत मराठीतून. नुसत्या लावायच्या नाहीत. कामावरच्या अधिकृत माणसांना त्या प्रत्यक्ष करता येतात, याची जबाबदारी मालकाची.

भिंतीवर लावलेल्या या सूचनांच्या तक्त्यावरचा उपाय काळाबरोबर बदलत गेला. १९०३ मध्ये शेफर यांनी सुचवलेल्या पद्धतीत माणसाला पालथे झोपवून पाठीवर दाब देत. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी दाबाला हात उचलण्याची जोड दिली. पन्नाशीच्या दशकाअखेर तोंडाने श्वास देण्याची पद्धत आली. या सगळ्यांत भर होता तो श्वासावर. विजेचा धक्का मात्र अनेकदा हृदयाची लय बिघडवतो. हृदय नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे जातच नाही. त्यावरचा मार्ग शोधण्यात विल्यम कौवेनहोवेन यांचा मोठा वाटा होता, आणि ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. तारांवर काम करणारी माणसे मरत होती, म्हणून अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी या संशोधनाला पैसा पुरवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्यूड आणि निकरबॉकर यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज जगभर शिकवला जाणारा हा उपचार वायरमनच्या मरणातून जन्मला, ही गोष्ट प्रत्येक उपकेंद्रात सांगितली गेली पाहिजे.

शॉक बसूच नये यासाठीची साधने वेगळी: रबरी हातमोजे, गमबूट, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, टेस्टर आणि डिस्चार्ज रॉड. उपकेंद्रातल्या पॅनेलसमोरच्या रबरी चटईसाठी १९६९ पासून भारतीय मानक होते. २००६ मध्ये त्याची जागा नव्या मानकाने घेतली. मोजा घालण्यापूर्वी त्याची मनगटाकडची बाजू गुंडाळून आत हवा कोंडायची, मोजा दाबायचा आणि कानाजवळ धरायचा. सुईएवढ्या भोकातूनही हवा सुटली, तर तो मोजा बाद. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

या सगळ्यांत डिस्चार्ज रॉडचे मोल सर्वांत जास्त मानावे लागेल. लाईन बंद ठेवून काम करण्याचे परमिट घेतले, लाईन तोडणारा एबी स्विच उघडला, टेस्टरने तार मेलेली असल्याची खात्री केली, तरी रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडल्याशिवाय खांबावर चढायचे नाही. कोकणात ही जोडणीच अवघड जाते. कोरड्या जांभ्यातून वीज सहज जमिनीत मुरत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायचे, उन्हाळ्यात पाणी ओतत राहायचे. त्यात समुद्रावरचा खारा वारा. तो लोखंड गंजवतो आणि इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा शेजारच्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांत खांब आडवे झाले, तारांवर झाडे पडली. अशा दिवसांत वायरमनला भीती असते ती उलट्या विजेची. दिवस-दिवस वीज नसलेल्या गावात कोणीतरी जनरेटर लावतो. घराचा मेन स्विच बंद नसेल, तर ती वीज तारेने मागे येते, रोहित्रातून उलटी चढते आणि बंद म्हणून जाहीर झालेल्या लाईनमध्ये उच्च दाबाने उभी राहते. परमिट देणाऱ्या उपकेंद्राला याचा पत्ताही नसतो. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे.

तरीही धक्का बसलाच, तर पहिली काही मिनिटे सोबतच्या माणसाच्या हाती असतात. आधी पुरवठा तोडायचा, मगच जखमीला हात लावायचा. श्वास थांबला असेल तर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबत राहायचे. मंडणगडच्या एखाद्या आडवाडीपर्यंत डोंगररस्त्याने रुग्णवाहिका पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिथल्या कोणालाही विचारावे. १९५६ च्या नियमांनी श्वासाचे उपकरण सक्तीचे केले, कारण त्या काळी तेच सर्वांत पुढचे साधन होते. आज ती जागा हृदयाला झटका देऊन लय परत आणणाऱ्या, बोलून सूचना देणाऱ्या एईडी यंत्राची आहे. ते कोकणातल्या दुर्गम उपकेंद्रांत आणि दुरुस्ती पथकाच्या गाडीत असायला हवे, आणि ते वापरण्याचा सराव पावसाळ्याआधी, मे महिन्यातच व्हायला हवा.