किल्ल्यावरील चित्रे : सैनिकमूर्तींचे रंगकाम व जीर्णोद्धार

ऐतिहासिक सैनिकांच्या लहान मूर्ती जमविणे, मोडलेल्या मूर्ती सांधणे आणि त्यांवर रंग चढविणे हा छंद युरोपात अठराव्या शतकापासून रुजलेला आहे. न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचे पोकळ शिपाई बाजारात आणले व हा छंद सामान्य घरांत पोहोचला. महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे दिवाळीतील मातीचा किल्ला व त्यावर मांडावयाचे मावळे. पुण्याच्या नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्यांची अंगणे कमी झाली, तरी इमारतींच्या आवारांत असे किल्ले अद्यापि उभे राहतात. आणि कसब्यातील कुंभारवाड्यातून आणलेल्या मूर्तींबरोबर गतवर्षीच्या जपून ठेवलेल्या मूर्तीही नव्या रंगाने पुन्हा पहाऱ्यावर उभ्या राहतात. या मूर्तींना इतिहासाच्या साधनांत स्थान देता येईल काय, आणि येत असल्यास त्यांचा जीर्णोद्धार कसा करावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रथम या वस्तूच्या नावाकडे पाहू. पुण्यातील मुले या मूर्तींना ‘चित्रे’ म्हणतात. नागर मराठीत ‘चित्र’ म्हणजे कागदावर किंवा भिंतीवर काढलेली आकृती. म्हणून हा प्रयोग शैथिल्याचा वाटण्याचा संभव आहे. परंतु शिल्पशास्त्रावरील संस्कृत ग्रंथांत सर्व बाजूंनी घडविलेल्या मूर्तीस ‘चित्र’, अर्धउठावाच्या कामास ‘अर्धचित्र’ आणि रंगांनी काढलेल्या आकृतीस ‘चित्राभास’ अशी परिभाषा आढळते. मुलांच्या बोलीतील अर्थ या परिभाषेशी जुळतो. तो तिच्यातूनच उतरला असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मात्र बोलीतील प्रयोगाला अशुद्ध ठरविण्यापूर्वी शब्दाचा इतिहास पाहावा, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

सैनिकांची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘मावळा’ हे नाव मावळ प्रांतावरून आले. वेशावरून किंवा शस्त्रावरून नव्हे. ‘पाईक’ या शब्दामागे संस्कृत ‘पादातिक’ व प्राकृत ‘पाइक्क’ ही रूपे आहेत; तुकारामांच्या पाइकीच्या अभंगांत तोच शब्द निष्ठावंत सेवकाचा, पर्यायाने भक्ताचा, वाचक झाला. ‘शिलेदार’ व ‘बारगीर’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. शिलेदाराचा घोडा व हत्यारे स्वतःची, तर बारगिराचा घोडा सरकारचा. बंगालमध्ये मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हणत, ते याच शब्दावरून. ‘गारदी’ या शब्दाचे मूळ मात्र फ्रेंच ‘गार्द’ अथवा पोर्तुगीज ‘ग्वार्द’ या शब्दांकडे जाते. एका किल्ल्यावर मांडता येतील अशा या पाच नावांत प्रदेश, सेवा, मालकी व परकीय कवायत असे चार निरनिराळे आधार दिसतात.

रंगकामात हा भेद लोपतो. बाजारातील मावळे बहुधा एकाच साच्यातून निघालेले व एकाच रंगाचे असतात. त्यामुळे शिवकालीन पायदळाला ठरावीक गणवेश होता, असा समज पुस्तक हाती येण्यापूर्वीच मुलांच्या मनात दृढ होतो. वस्तुतः ते सैन्य एका वेशाचे नव्हते. माणूस बहुतांशी आपल्याच कपड्यांत लढत असे. एकसारखा पोशाख व कवायत यांचा मराठी सैन्याशी ठळक संबंध आला तो अठराव्या शतकात, गारदी पलटणींच्या द्वारा. पूर्वी फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली राहिलेला इब्राहीमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. ज्या नारायणराव पेशव्यांचे नाव या पेठेला आहे, त्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात वध झाला तोही गारद्यांच्याच हातून. ज्या सैनिकाला गणवेश होता तो किल्ल्यावर सहसा येत नाही, आणि ज्याला नव्हता तो गणवेशात येतो! आजच्या मावळ्याचे रूप घडविण्यात १८७८ साली पुण्यात स्थापन झालेल्या चित्रशाळेची रंगीत छापील चित्रे, ऐतिहासिक नाटके आणि १९३३ च्या प्रभातच्या ‘सिंहगड’सारखे बोलपट यांचा वाटा मोठा असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

दृश्य प्रतिमा एकदा रूढ झाली की ती किती चिवट ठरते, याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्याकडेच आहे. इब्राहीमखान नावाच्या एका मोगल उमरावाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून अनेक वर्षे छापले जात होते, वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र प्रसिद्ध केल्यावर ती चूक दूर झाली. एका चित्राची चूक संशोधकाने दुरुस्त केली. हजारो मातीच्या चित्रांची चूक दुरुस्त करावयाची तर ब्रश हाती धरणाऱ्यानेच इतिहास वाचला पाहिजे.

येथे जीर्णोद्धाराचा प्रश्न येतो. जुनी मूर्ती हाती आली असता ती ‘बरोबर’ रंगात रंगवावी, की जशी आहे तशी राखावी? याचे उत्तर पाठचिकित्सेच्या शास्त्रात सापडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत जो पाठ पूर्णपणे निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि न स्वीकारलेले पाठ तळटीपांत जपलेले आहेत. संपादकाने आपली भर लपवावयाची नाही व परंपरेने आलेले नष्ट करावयाचे नाही, हे त्यामागील तत्त्व होय. मूर्तीलाही तेच लागू पडते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मावळ्याचा चुकीचा अंगरखा हा शिवकालाचा पुरावा नसला, तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या पुण्याची शिवकालाविषयीची कल्पना काय होती याचा तो अस्सल पुरावा आहे. इतिहासशुद्ध रंग नव्या मूर्तीला द्यावा. जुन्या मूर्तीचा जुना रंग खरवडू नये.

प्रत्यक्ष कृती या तत्त्वावरूनच ठरते. न भाजलेल्या मातीच्या मूर्तीस पाणी लावू नये, ती विरघळते. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झाडावी. तुटलेला हात पुढे सोडविता येईल अशाच चिकट द्रव्याने जोडावा. जेथे रंग उडाला आहे तेवढ्याच जागी भरणी करावी व ती जवळून पाहिल्यास ओळखू यावी. शिशाच्या शिपायावर पांढरी भुकटी दिसू लागल्यास तो लाकडी कपाटातून काढावा, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे झिजते. ती भुकटी विषारी असल्याने उघड्या हाताने पुसू नये. काम आरंभण्यापूर्वी व संपल्यावर छायाचित्र घ्यावे आणि केलेल्या बदलांची नोंद मूर्तीजवळ ठेवावी.

मातीच्या मूर्ती अल्पायुषी असतात. किल्ला दिवाळीनंतर मोडला जातो व त्यावरील बहुतेक चित्रेही त्याबरोबर जातात. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या पेठेतील किल्ल्यांची चित्रे, त्यांची मुलांच्या तोंडची नावे, रंग, साचे व विक्रीची ठिकाणे यांची दरवर्षी पद्धतशीर नोंद करावी, अशी सूचना कराविशी वाटते. अशा दहा वर्षांच्या नोंदी एकत्र आल्या, तर समाज आपला इतिहास कोणत्या रंगात पाहतो आणि तो रंग केव्हा बदलतो, हे साधार सांगता येईल.