वाड्याची वाटणी आणि माडीवरचा उन्हाळा

ग्वाल्हेरच्या मंडळींना उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, लू सुटते, आणि जानेवारीत तोच पारा 5 च्याही खाली येतो. आमचे पूर्वज इथे आले ते दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर. 1810 च्या सुमाराला किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी पडली आणि तिचंच पुढे लश्कर शहर झालं. दक्षिणेतून आलेल्या या लोकांनी वाडे बांधले ते आपल्या पद्धतीचे, मधे चौक ठेवून. पण इथल्या दगडाचे, आणि इथला उन्हाळा बघून.

तो बघणारे त्याआधीही होतेच. किल्ल्यावरचा मानसिंह तोमरांचा महाल आठवा. मानसिंहांची कारकीर्द 1486 ते 1516. त्या महालाचे दोन मजले जमिनीखाली आहेत, आणि तिथे हवा खेळावी म्हणून वरून मार्ग काढलेले आहेत.

आमच्या वाड्यात एवढं काही नव्हतं. दोन-दोन हात जाड भिंती, वर पटियांचं छत, खाली एक लहानसं तळघर. दगडी भिंत तापायला वेळ घेते, तशीच निवायलाही. दुपारी माजघर गार असायचं आणि मध्यरात्री त्याच भिंती गरम लागायच्या. म्हणून माणसंच जागा बदलायची. सकाळी ओसरीवर, दुपारी माजघरात नाही तर तळघरात, संध्याकाळी पाणी मारून निववलेल्या गच्चीवर, आणि झोपायलाही तिथेच, उशाशी सुरई ठेवून. दारांना वाळ्याचे पडदे, म्हणजे इथल्या भाषेत खसच्या टट्ट्या, आणि त्यांवर पाणी शिंपडायचं काम आम्हा मुलांचं. थंडीत सगळा क्रम उलटा. सगळ्या खोल्या सारख्या गार असाव्यात असं कुणाच्या मनातही यायचं नाही. माडी तापायचीच, पण दुपारी माडीवर असायचं कोण?

1978 साली वाटणी झाली. खालचा मजला बाबांकडे, माडी काकांकडे. मधल्या जिन्याचं दार बंद झालं, काकांनी बाहेरून लोखंडी जिना काढला. खोल्या अगदी मोजून वाटल्या, पण उन्हाळा कुणी मोजला नाही. जी माडी दुपारी रिकामी ठेवायची, तिथे आता काका-काकूंचा बाराही महिने संसार.

वर आम्ही आणखी एक घोळ केला. पाऊस आत येतो, माकडं येतात, म्हणून 1986 मध्ये पहिल्या मजल्याच्या पातळीवर चौकावर सिमेंटचा स्लॅब टाकला. आम्हाला एक खोली मिळाली. काकूंच्या खिडक्यांसमोर मात्र सावलीच्या चौकाऐवजी तापलेला स्लॅब आला. रात्रीची गार हवा चौकात उतरायची, तीही थांबली. खाली आमच्याकडे ओल आणि कोंदटपणा, वर भट्टी. काकूंनी एकदा बोलून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "कूलर घ्या." कूलर घेतला त्यांनी. पण कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते, आणि चौकाकडच्या खिडक्या तर झळांमुळे बंदच असायच्या. पावसाळ्यात तर कूलरने नुसती चिकचिक व्हायची.

काका गेले, बाबा गेले. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि काकू माडीवर चक्कर येऊन पडल्या. तेव्हा वय एक्क्याऐंशी. आम्हाला कळलं ते संध्याकाळी, शेजाऱ्यांकडून. एकाच छपराखाली राहून!

त्या बऱ्या होऊन आल्यावर इंजिनिअर आतेभावाला बोलावलं. स्लॅबवर दुसरा कसलाच भार नाही, हे त्याने आधी नीट बघून घेतलं. मग तीन दिवसांत स्लॅब तोडला. तिथे लोखंडी जाळी बसवली. माकडं अडतात, हवा अडत नाही. पावसापुरती ताडपत्री ओढून घेतो. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे तीन हात दिले. काकूंच्या चौकाकडच्या खिडक्या उघडल्या, त्यामुळे कूलरही काम करायला लागला.

आतेभावाने आधी आणि नंतर थर्मामीटर लावून पाहिलं. दुपारी चार वाजता वर-खालच्या खोल्यांत सात अंशांचा फरक होता, तो चारवर आला. म्हणजे माडी अजूनही गरमच. चार अंशांवर इलाज एकच होता, तो म्हणजे जुना. मधल्या जिन्याच्या दाराचं कुलूप गंजलेलं, ते फोडावं लागलं.

पहिल्या दुपारी मी वर जाऊन म्हटलं, "काकू, खाली चला, माजघरात अंथरूण घातलंय." त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाई भिंतीकडेला झोपायच्या. तिथेच घातलंयस ना?"

तिथेच घातलं होतं. आता मार्च संपला की त्या जेवण झाल्यावर खाली येतात, ऊन उतरलं की वर जातात.

इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींनो, तुमच्या जुन्या घरात दुपारची जागा कोणती होती? आणि वाटणीत ती कुणाकडे गेली?