फोनला वीज कुठून येते?

परवा शनिवारी ऑफिसात नवीन ॲक्सेस पॉइंट लावत होतो. ४८ पोर्टचा स्विच, ३६ पोर्टवर आयपी फोन, १२ मोकळे. म्हटलं, तासाभराचं काम! सात लागले, आठवा काही केल्या सुरू होईना. केबल बदलली, पोर्ट बदलला... शेवटी लॉग बघितला. पोर्ट शिल्लक होते, वीज संपली होती.

स्विचकडे वाटायला ३७० वॅट. आमच्या प्रत्येक फोनसाठी तो ७ वॅट राखून ठेवतो, म्हणजे २५२. उरले ११८. ॲक्सेस पॉइंटला १५.४ प्रमाणे त्यात सातच बसतात. चौथीतलं गणित, पण आधी केलं कोणी?

गंमत म्हणजे हा प्रश्न इथरनेटपेक्षा खूप जुना आहे. सुरुवातीला प्रत्येक टेलिफोनजवळ स्वतःची बॅटरी असायची. १८९० च्या दशकात बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली आणि बोलायच्या तारांच्याच जोडीतून फोनला वीज मिळू लागली. पुढे ४८ व्होल्ट हे जवळपास सगळीकडे रूढ झालं. आठवतंय का, लोडशेडिंगमध्ये घरात अंधार असायचा पण लँडलाईनचा डायलटोन यायचा? ती वीज आपल्या मीटरमधून येतच नव्हती.

मग फोन नेटवर्कवर आले आणि प्रत्येकाच्या शेपटीला अडॅप्टर लागला. म्हणजे शंभर वर्षं मागे! २००० साली सिस्कोने स्विचमधूनच वीज द्यायला सुरुवात केली, पण ती त्यांची स्वतःची पद्धत होती. २००३ मध्ये ८०२.३एएफ हे सर्वांसाठीचं मानक आलं. पोर्टवर किमान ४४ व्होल्ट, ३५० मिलिअँपिअर, म्हणजे १५.४ वॅट. १०० मीटर केबलमध्ये २.४५ वॅट उष्णता होऊन जाऊ शकतात हे धरून उपकरणाला १२.९५ ची खात्री. आणि चुकून लॅपटॉपला वीज जाऊ नये म्हणून स्विच आधी कमी व्होल्टेज लावून पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो. तो दिसला तरच वीज सोडतो. २००९ मध्ये मर्यादा ३० वॅट झाली, २०१८ मध्ये ९०.

पोर्टची मर्यादा वाढली, पण स्विचचा पॉवर सप्लाय आपोआप वाढत नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. पॉवर सप्लाय शोधता शोधता वायरचा माग काढला, तर स्विचचा प्लग यूपीएसमध्ये नव्हताच, भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये होता. लाईट गेली की ३६ फोन एकदम मुके. जिन्यात कोणी पडलं, ॲम्ब्युलन्स बोलवायची झाली, तर टेबलावरचा फोन उचलून उपयोग शून्य. एक्स्चेंजवाल्यांनी बॅटरी आधी मांडली, मग फोन जोडले. आम्ही उलटं केलं.

पाच ॲक्सेस पॉइंट अजून खोक्यातच आहेत. त्यांचं नंतर बघू. सोमवारी आधी त्या प्लगचं बोलायचंय.