डेल्कोची ठिणगी

ज्यांच्या घरी कधीकाळी फियाट होती, त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. पावसाळ्यातली सकाळ, बॉनेट उघडलेलं, वडील वाकलेले आणि त्यांच्या चिमटीत पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा. शेजारी विचारत, "काय झालं?" उत्तर ठरलेलं असे, "काही नाही, पॉइंट घासतोय."

आमच्याकडे अजून एक प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तिचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, यावर आमच्या घरात बराच खल झाला. त्या निमित्तानं मी या एवढ्याशा वस्तूचा इतिहास चाळू लागलो आणि सुरुवातीलाच एक गंमत हाती लागली.

आपले बरेच मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. 'डेल्कोची टोपी काढ', 'डेल्को जरा फिरवून बघ'. हा कुठलासा तांत्रिक शब्द असावा, असं मी समजून चाललो होतो. प्रत्यक्षात हे एका कंपनीचं नाव. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथल्या 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'च्या इंग्रजी आद्याक्षरांचं डेल्को झालं. तिचा कर्ता चार्ल्स केटरिंग. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीला असताना त्यानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून दाखवली होती. फावल्या वेळात एका सहकाऱ्याच्या कोठारात तो मोटारींवर खटपट करी. तिथं तयार झालेली त्याची इग्निशनची यंत्रणा १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढं १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला, तोही त्याचाच.

केटरिंगची युक्ती साधी होती. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत ठेवायचा आणि नेमक्या क्षणी तो तोडायचा. तुटताक्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगवर ठिणगी पडते. प्रवाह तोडण्याचं काम पॉइंटचं. दोन लहानशा धातूच्या बिंदूंमध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट. शेजारचा कंडेन्सर तिथं ठिणगी उडून पॉइंट जळू नयेत म्हणून. आपल्या चार सिलिंडरच्या पद्मिनीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. इतकं राबल्यावर ते झिजणारच. पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगी थोडी उशिरा पडू लागते. गाडी बंद पडत नाही. फक्त ओढ कमी होते, पेट्रोल जास्त जातं. मालकाला आठवड्याआठवड्यानं ते जाणवत नाही, आणि हीच खरी अडचण.

तरी ही यंत्रणा साठ वर्षं टिकली. ती हटवली ती कायद्यानं, असं माझं मत आहे. ट्रान्झिस्टर हाताशी आले होते, पण साधे आणि स्वस्त पॉइंट सोडायची कारखानदारांना घाई नव्हती. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ राखण्याचा कायदा कडक झाला. नवी गाडी ५० हजार मैल चालेपर्यंत तिचा धूर मर्यादेत हवा, अशी अट आली. पॉइंट तर त्याच्या कितीतरी आधीच बिघडत. शिवाय १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तिथं पोचून ते तापून खराब होत. क्रायस्लरनं १९७३ पर्यंत, तर जनरल मोटर्सनं १९७५ च्या मॉडेलपासून पॉइंटला रजा दिली.

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ मध्ये. पॉइंट मात्र जुन्या गाड्यांबरोबर रस्त्यावर राहिले. काळ्यापिवळ्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ अखेर.

आता आमच्या घरचा वाद. माझं म्हणणं, पॉइंटच राहू द्यावेत. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात आणि घाटात गाडी अडली, तर काडेपेटीच्या पट्टीवर घासूनही घरी आणतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की गेलं, तेही न सांगता. तारा उलट्या जोडल्या तर तिथंच जळतं. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी महिन्यातून दोनदा निघते. पावसात उभी राहून पॉइंटवर गंज धरतो, तुम्ही दर वेळी घासत बसता." हे खरं होतं. शिवाय हल्ली बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा उरलेला नाही.

शेवटी चाळीस वर्षं टॅक्सींची कामं केलेल्या आमच्या मिस्त्रींना विचारलं. ते पॉइंटची बाजू घेतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी डेल्कोचा दांडा दोन बोटांत धरून हलवला, कानानं काहीतरी ऐकलं आणि म्हणाले, "दांडा ढिला झालाय, साहेब. आधी त्याचा बुश बदला, नाहीतर काहीही बसवलं तरी टायमिंग हलणारच. मग इलेक्ट्रॉनिक घाला."

मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?"

"आज मी लावून देईन पॉइंट. माझ्यानंतर कोण लावणार? पोरांना स्कॅनर कळतो, गॅप नाही कळत."

त्यांनी बुश बदलला, नवा संच टोपीखाली बसवला. बाहेरून काहीच कळत नाही. काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर त्यांनी पुसून पत्र्याच्या डबीत ठेवले, सोबत फिलर गेजचं एक पान. डबी गाडीच्या कप्प्यात टाकण्याआधी माझ्या मुलाला बोलावून त्यांनी त्याच्याकडून ती फट तीनदा लावून घेतली. तिसऱ्यांदा बरोबर आली.