साथीत राखले ते काम, कामगार नव्हे

कंधारच्या महाविद्यालयात दिवाळीची सुटी संपली की वर्गातली बाके तेवढीच राहतात, बसणारे कमी होतात. हजेरीपटावर नाव असते. मुलगा मात्र आईबापामागे ऊसतोडीला गेलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या घराचे दार उघडत नाही. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा मराठवाड्यातली ही माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या फडातच होती. रस्ते बंद झाले, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. पण साखर ही अत्यावश्यक वस्तू म्हणून गाळप बंद झाले नाही. ज्याने घराबाहेर पडू नये असे सांगितले जात होते, त्याला मुळात घरच नव्हते. पाचटाची कोपी होती. ३८ साखर कारखान्यांकडे अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार तोडकामगारांना गावी परतू देण्याचा निर्णय राज्य शासनाने १७ एप्रिल २०२० रोजी घेतला. तोवर टाळेबंदीला तीन आठवड्यांहून अधिक दिवस होऊन गेले होते.

‘साथीपासून उद्योग व कामगार यांचे संरक्षण’ असे शब्द आपण जोडीने वाचतो. जणू एकाचे रक्षण केले की दुसऱ्याचे आपोआप होते! इतिहास तसे सांगत नाही. साथ आली की व्यवस्था आधी कामाला वाचवते. कामगाराला ती वाचवते ते त्याच्यावाचून काम अडते तेवढ्यापुरते. आणि ज्याचे काम जातीने ठरवलेले असते, त्याला वाचवण्याऐवजी ती बांधून ठेवते. हे विधान कठोर वाटेल. म्हणून त्याचे पुरावे तपासले पाहिजेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची वखार. धान्य तेथे उंदीर, उंदीर तेथे पिसू. आणि पिसवेच्या दंशातून हा रोग माणसात येतो. पण ही साखळी सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने मांडली ती १८९८ मध्ये. तोवर सरकार घाणीशी, हवेशी, आणि खरे सांगायचे तर गरिबाच्या खोलीशी लढत होते. गटारांत औषधी पाणी सोडले गेले, चाळींची छपरे उघडी केली गेली, माणसे उचलून इस्पितळात नेली गेली. १८९१ च्या जनगणनेत ८ लाख २१ हजार लोकसंख्या असलेले हे शहर फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे रिकामे झाले. ज्याला गाव होते तो गावी गेला.

पण एका वर्गाने जाऊ नये अशी शहराची निकड होती. ते म्हणजे हलालखोर, मैला वाहणारे कामगार. ऑक्टोबर १८९६ मध्ये सक्तीचे अलगीकरण जाहीर झाले तेव्हा महापालिका आयुक्त स्नो यांना धास्ती वाटली ती यांचीच. हे लोक भिऊन निघून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांनी उघड मान्य केले आणि त्याच महिन्यात सक्ती सैल करण्यात आली. येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होतो असे हे शहर मानत होते, त्यांच्याच हातांवर ते उभे होते, हे सत्य प्लेगने सरकारी कागदावर आणले. मग त्या हातांची किंमत वाढली काय? १८८९ मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांनी संप केला होता. त्याचे उत्तर म्हणून १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा या कामगारांपुरता गुन्हा ठरला. गिरणी कामगार पळाला तर तो गैरहजर. सफाई कामगार पळाला तर तो गुन्हेगार. संरक्षणाचा अर्थ असा जातीनुसार बदलत गेला.

गिरण्यांत वेगळे चित्र दिसले. महिन्याचा पगार उशिरा देऊन कामगाराला अडकवून ठेवण्याची मालकांची जुनी रीत होती. १८९७ च्या आरंभी हात कमी पडू लागले तशी हीच गिरणी रोजच्या रोज पैसे मोजू लागली आणि नाक्यांवर मजुरांसाठी चढाओढ लागली. साथ ओसरली तशी ही उदारताही ओसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. त्याला ‘अडाण्यांचा दंगा’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्या दारातून माणूस आत जातो आणि प्रेत बाहेर येते, त्या दाराबद्दल कामगाराला भय वाटले, यात अडाणीपणा किती आणि अनुभव किती? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. त्याने अधिकाऱ्याला घर तपासण्याचा, प्रवासी अडवण्याचा अधिकार दिला. आजारी मजुराच्या बुडालेल्या रोजाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

हा शब्द उच्चारणारी माणसे मात्र होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरली. तिच्या मागण्यांत रविवारची सुटी होती, दुपारची विश्रांती होती, वेळेवर पगार होता आणि आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. साडेपाच हजार कामगारांनी त्या निवेदनाला संमती दिली. कामामुळे शरीर मोडले तर त्याची जबाबदारी मालकावर, हे तत्त्व या देशात कामगारानेच प्रथम मांडले; सरकारने नव्हे, मालकाने तर नव्हेच. लोखंडे सत्यशोधक होते. प्लेगच्या रुग्णांत काम करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई गेल्या. पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथे आल्या आणि त्यातूनच त्यांना प्लेग जडला, असे सांगितले जाते. सरकार स्पर्शाला भीत होते ते जंतूसाठी, समाज भीत होता तो जातीसाठी. सावित्रीबाईंनी एकाच कृतीत दोन्ही भये ओलांडली. प्लेगच्या प्रस्थापित इतिहासात रँडचा खून पानेच्या पाने व्यापतो. हे दोन मृत्यू एखाद्या ओळीत आटोपतात.

आता त्याच गिरण्यांच्या आतल्या एका खात्याकडे पाहू. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडी. क्षयासारखा रोग पसरवायला याहून सोयीची रीत कोणती? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यावर कायद्याने बंदी घातली. मुंबईत काय झाले? येथेही उष्ट्या धाग्याची भीती होती, पण ती जंतूची नव्हती. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा आपल्या तोंडी येईल म्हणून सवर्ण कामगारांनी विणकाम खाते अस्पृश्यांना बंद ठेवले. एकमेकांची थुंकी त्यांना चालत होती. जास्त मजुरी त्याच खात्यात होती, हे वेगळे सांगायला नको. अस्पृश्यांना राहिले ते कताईकडचे कमी पैशाचे काम. उपाय साधा होता: धोटा बदला. पण धोटा बदलणे मालकाला खर्चाचे होते, माणूस बाहेर ठेवणे फुकटात होत होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात कामगारांच्या १७ मागण्या होत्या. या बंदीचा प्रश्न बाबासाहेबांनी त्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला. विटाळाला आरोग्याचे नाव देता येते आणि आरोग्याचा खरा प्रश्न विटाळाखाली गाडता येतो. या दोन्ही गोष्टी त्या एका धोट्यात दिसतात.

गावाकडे तर मालकच दिसत नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात कामातून होणाऱ्या रोगांची यादी होती. कातडी, केस, लोकर हाताळणाऱ्याला होणारी काळपुळी त्यात होती. कागदावर चांगली गोष्ट. पण काळपुळीने मेलेले जनावर गावाबाहेर ओढणारा, ते सोलणारा आमचा माणूस कोणाचा कामगार होता? कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात. येथे काय आणि इंग्रजी मुलखात काय, तो नोकर नव्हता, बलुतेदार होता. त्याला पगार नव्हता, हक्काच्या नावाखाली भाकरी होती. त्याला काळपुळी झाली तर नुकसानभरपाई कोण देणार? गाव म्हणे, देवीचा कोप. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचा मान महार-मांगांचा, पाठीवर आसूड ओढून घ्यायचा मान पोतराजाचा. रोगाशी सर्वांत जवळचा संबंध येणारी कामे ज्यांच्याकडे, रोगाची शिक्षाही त्यांच्याकडेच. आणि याला नाव काय, तर मान! १९२७ च्या महाडनंतर मेलेली ढोरे ओढणे गावोगाव बंद झाले. आपण त्याला स्वाभिमानाचा लढा म्हणतो, आणि तो होताच. पण तो धोकादायक काम नाकारण्याचाही लढा होता. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद त्या नावाने झाली नाही.

या दोन धाग्यांची गाठ बाबासाहेबांनीच मारली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये प्रा. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपणात औषध मिळेल आणि बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळेल. साथीच्या काळात या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार. ज्याच्या चुलीची सोय आहे तोच अंगात ताप असताना घरी थांबू शकतो. उपाशी माणसाला अलगीकरण सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. तो कामावर येतो, शेजाऱ्याला रोग देतो, आणि मग उद्योगही बसतो. म्हणजे उद्योग आणि कामगार यांचे रक्षण एकत्र होऊ शकते. मात्र सुरुवात कामगारापासून करावी लागते.

पण या कायद्याची रचना कारखान्याच्या हजेरीपटावर उभी होती. उसाच्या फडात हजेरीपट नसतो, ‘कोयता’ असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे लोक. मुकादम म्हणतो, मी तर मध्यस्थ. बलुत्यात मालक दिसत नव्हता, येथेही दिसत नाही. गटारात उतरणाऱ्याचीही हीच गत. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. किंमत वाढली, पण ती मेल्यानंतरची. जिवंतपणी उतरायला नकार देण्याची ताकद त्याच्या हाती केव्हा येणार?

आम्ही शिकलो, पगारदार झालो, आजारी पडलो तर रजेचा अर्ज करतो. हा साधा अर्ज आमच्या आधीच्या एकाही पिढीला करता आला नव्हता. म्हणून या प्रश्नाचे देणे आमच्यावर अधिक आहे. शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. फडावरून परतलेल्या प्रत्येक घरात जा. २०२० च्या त्या आठवड्यांत कोण कोठे अडकले, काय खाल्ले, आजाऱ्याला कोणी दवाखान्यात नेले, कोणाचा रोज कापला गेला, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. १८९६ च्या हलालखोराचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्याबद्दल आपल्याला ठाऊक आहे ते आयुक्ताला वाटलेल्या भीतीतून. आपल्या आईबापांचा इतिहास पुन्हा दुसऱ्याच्या भीतीतून वाचायची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये.